सव्वातीनची दुरुस्ती

हे खरं घडलंय.

धाकट्याचा शब्द तसा कुणी फार मनावर घेत नाही. शाळेत असताना त्याने एकाच आजोबांना तीनदा मारून सुट्ट्या घेतल्या होत्या. चौथ्या वेळी आजोबा स्वतःच त्याला घरी न्यायला आले. पण ही गोष्ट सांगताना त्याच्या आवाजात एकही गंमत नसते.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन.

भुताच्या गोष्टीला ही वेळ शोभत नाही, हे धाकट्यालाही मान्य आहे. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या दुकानात एक माणूस स्टुलावर चढून पंखा पुसत होता. पण काय करणार... जे आलं, ते दुपारचंच आलं.

जागा म्हणजे थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे छोटी खोली. खोलीत कॉम्प्युटर आणि चाकांची खुर्ची.

खुर्ची वहिनीची.

वहिनीला जाऊन चार महिने झाले होते.

नवरा फोटो काढायचा, बायको ते कॉम्प्युटरवर नीट करायची. धंदा दोघांचा, भांडणही दोघांचं, आणि धंद्यापेक्षा भांडण जास्त जोरात चालायचं. थोरल्याने नवा कॅमेरा घेतला होता. त्यात एक सोय होती. तुम्ही एक रंग निवडायचा, तेवढाच फोटोत येतो. बाकी सगळं काळं-पांढरं. थोरला त्या बटणावर लट्टू झाला.

"अहो, साधा काढा ना," वहिनी म्हणायची. "सगळे रंग घरी आणा. नको ते मी नंतर काढून टाकते."

"नंतर कशाला? डोळ्यासमोर असताना ठरवायचं. त्यातच मजा आहे."

"आणि ठरवलेलं चुकलं तर? तुमचा कॅमेरा बाकीचे रंग तिथल्या तिथे फेकून देतो. जे आणलंच नाही, ते मी कुठून काढू?" मग ती धाकट्याकडे वळायची. "भावजी, तुमच्या दादांना बाजारात पाठवलं तर तेही एकच वस्तू आणतात. कॅमेरा अगदी मालकावर गेलाय."

ती गेली, त्या दिवशी सकाळी ती नवा ड्रेस घालून आली. काउंटरपाशी उभी राहिली.

"हा रंग कसा आहे?"

"छान," थोरला म्हणाला. त्याचं डोकं कॅमेऱ्यात होतं. मान वर झाली नाही.

दुपारी त्याने तिचा एक फोटो काढला. सहज. बटण लाल रंगावर होतं. सोबत सगळ्या रंगांची साधी प्रतही ठेवायची सोय होती, पण कार्डात जागा वाचावी म्हणून त्याने ती बंद केली होती.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, डोकं फार दुखतंय. जरा आडवी झाली.

उठली नाही.

तिचा शेवटचा फोटो म्हणजे हा. त्यात काउंटरवरचा स्टेपलर लालभडक आहे. बाकी सगळं राखी... भिंत, हात, चेहरा, ड्रेस.

थोरल्याने तो फोटो रंगवायला घेतला. त्यासाठी तिच्या खुर्चीत बसून तिचं सगळं काम शिकला. चेहरा जमला. हात जमले. भिंत तर समोरच होती.

ड्रेस अडला.

त्याला रंग आठवेना. ड्रेस तिच्याबरोबरच गेलेला. मेहुणी म्हणाली निळा. शेजारच्या चष्मेवाल्याने छातीवर हात ठेवून हिरवा सांगितला. धाकट्याने त्या दिवशी वहिनीशी प्रिंटरच्या शाईवरून दहा मिनिटं वाद घातला होता, तोही समोरासमोर. त्याला फक्त शाई आठवत होती.

"बारा वर्षं लोकांचे रंग बघतोय मी," थोरला म्हणाला. "बायकोच्या अंगावरचा सांगता येईना."

त्या मंगळवारी सकाळी त्याने ड्रेस निळा केला. दुपारी दोघं भाऊ बाहेर काउंटरला होते. गिऱ्हाईक नव्हतं.

आतून आवाज आला...

कर्र.

चाकांच्या खुर्चीत कुणी बसलं की ती असं करायची.

मग...

टक्. टक्. टक्.

धाकट्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. हे टक् टक् टक् दोघांच्या कानात मुरलेलं होतं. सकाळच्या कामातल्या चुका वहिनी सव्वातीनला काढायची. चूक पुसायला माउस एकदा दाबला की पुरे. ती तीनदा दाबायची. एकदा दाबून कुणी ऐकत नाही, हा तिचा संसारातला अनुभव होता.

थोरल्याने पडदा सारला.

खोलीत कुणी नव्हतं.

स्क्रीनवर फोटो उघडा होता. चेहरा रंगीत, हात रंगीत, भिंत रंगीत.

ड्रेस... पुन्हा राखी.

धाकट्याने माउसला हात लावला.

कोमट होता.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने हिरवा लावला. सव्वातीनला कर्र... टक् टक् टक्. राखी. मग पिवळा. राखी. जांभळा. राखी. बाकी फोटोला कुणी हात लावत नव्हतं. फक्त ड्रेस.

"दादा, इथून निघू या," धाकटा म्हणाला. "कुणाला तरी बोलावू."

"कुणाला बोलावणार? कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला? काय सांगशील, बायको काम तपासते?"

"तुला भीती नाही वाटत?"

"ती जिवंत असताना जास्त वाटायची," थोरला म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो हसला.

असा महिना गेला. मग रंग बिघडत चालले. एक दिवस भडक पोपटी. एक दिवस अर्धा नारिंगी, अर्धा गुलाबी. एक दिवस चक्क पांढऱ्यावर काळे ठिपके.

"दादा, वहिनी ठिपक्यांत आली असती तर मला जन्मभर आठवलं असतं."

"बघू या तर."

तीन वाजले की थोरला आरशात बघून केस विंचरायचा. शर्टाची कॉलर नीट करायचा. धाकट्याने ते पाहिलं. त्याने ठरवलं, हे आपण संपवायचं.

त्याने सगळं दुकान शोधलं. आणि खण उपसताना त्याच्या हाती कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक आलं. मध्ये खुणेला एक कागद घातलेला होता. पान त्याच बटणाचं. 'ही सोय बंद कशी करावी.' खाली पेन्सिलीने रेघ. वहिनीची.

खुणेचा कागद म्हणजे शिंप्याची पावती होती. आणि पावतीला टाचलेला... कापडाचा तुकडा.

राखाडी.

धाकट्याने तुकडा उजेडात धरला. ती रोज चूक काढत नव्हती. ती रोज बरोबर करत होती. कॅमेऱ्याने ड्रेसचं काही फेकलंच नव्हतं.

आणि राखाडी रंग आठवणीत राहतो तरी कुणाच्या?

थोरला एका लग्नाच्या कामाला गेला होता. धाकट्याने चेहरा रंगीत, ड्रेस राखाडी, असा तो फोटो मोठा छापला, फ्रेम केला, काउंटरसमोर टांगला. कॉम्प्युटरवरचे ठिपके स्वतः पुसले. थोरला आल्यावर त्याने पावती पुढे धरली.

"सापडला, दादा. रंग सापडला."

थोरल्याने पावतीकडे पाहिलंही नाही.

"कुठून काढलीस ती?"

"पुस्तकातून."

"मीच परत ठेवली होती तिथे. महिना झाला."

धाकट्याने पावती काउंटरवर ठेवली.

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"तिची चेष्टा होती रे ती," थोरला म्हणाला. "माझ्या कॅमेऱ्याची. मुद्दाम राखाडी शिवून आली. आता काय फेकतो बघू, म्हणून. दिवसभर वाट बघत होती, याला कधी कळतंय. आणि मी मान वर केली नाही." त्याने कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली. "चूक असली तर येते ती. तू कशाला बरोबर केलंस?"

त्या दुपारी सव्वातीन वाजले. साडेतीन वाजले.

आतून... काहीच नाही.

थोरल्याने ड्रेसवर पुन्हा ठिपके लावले. ते तसेच राहिले. निळा लावला. निळाच राहिला. मग त्याने वेड्यासारखं सुरू केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो तो त्या बटणावर काढू लागला. एका साहेबांचा ओळखपत्राचा फोटो असा आला की फक्त कान रंगीत. दोन कान सोडले तर साहेब निधन झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. थोरला शांतपणे म्हणाला, "सव्वातीनला या. होईल नीट."

झालं नाही.

चार वाजता पडद्यामागून टक् टक् टक् ऐकू आलं. धाकटा धावत आत गेला. खुर्चीत थोरला बसला होता. स्वतःच माउस दाबत होता. तीनदा. पुन्हा तीनदा. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

मग एक दिवस कॉम्प्युटरच बिघडला. धाकटा तो उचलून दुरुस्तीला देऊन आला. माउससकट. आत फक्त टेबल आणि खुर्ची राहिली.

तो गेल्या मंगळवारचा दिवस.

दोघं बाहेर होते. थोरला खाली मान घालून पाकिटांना गोंद लावत होता. धाकट्याला घड्याळाकडे बघायचं नव्हतं, तरी नजर गेली.

सव्वातीन.

कर्र...

आत कॉम्प्युटर नाही. माउस नाही. आत काहीच नाही...

टक्.

टक्.

टक्.

थोरल्याच्या हातातलं पाकीट खाली पडलं. पण तो आत गेला नाही. त्याने सावकाश मान वर केली. समोर, भिंतीवरच्या फोटोकडे. बघत राहिला. खूप वेळ.

"छान आहे गं," तो म्हणाला. "खरंच छान आहे."

आत खुर्ची पुन्हा एकदा वाजली. कुणी उठल्यासारखी.

त्याने फोटोत काय पाहिलं, ते थोरला सांगत नाही. पण आता तो साधे फोटो काढतो, सगळ्या रंगांचे, आणि तीन वाजता केस विंचरत नाही.

फोटो अजून तिथेच आहे. धाकटा रोज त्याच्यासमोरून जातो.

जमिनीकडे बघत.