दहा बोटांचा दाखला

धुकं इतकं दाट होतं की झेलिया सिल्वेराला पोलीस ठाण्याची पाटी दिसलीच नाही. दिसली असती तरी ती पुढेच गेली असती, ही गोष्ट निराळी. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या टर्लकमध्ये धुक्यावर काहीही ढकलता येतं. दोन चौक पुढे, टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या काचेवर कागद डकवलेला होता – 'येथे बोटांचे ठसे घेतले जातात'. तिने गाडी लावली, जाकिटाला चीजचा वास येतोय का ते हुंगून पाहिलं – येत होता – आणि आत शिरली.

काउंटरमागे एक उंच, किंचित पोक काढून उभा राहणारा माणूस काचेच्या इवल्याशा पेल्यातून चहा पीत होता. छातीवर नाव होतं, निनोस.

"स्वयंसेवक?" त्याने तिचा फॉर्म बघत विचारलं.

"हो. शेळ्या."

"शेळ्यांचेही ठसे घेतात आता?"

"मुलांचा गट आहे हो! मुलं शेळ्या पाळतात, आणि आम्ही मुलांना सांभाळतो."

आम्ही म्हणजे ओडेट आत्या. पंधरा वर्षं हा गट आत्याने चालवला होता. पण मुलांपाशी कायम दोन मोठी माणसं हवीत, दोघांचेही ठसे तपासलेले हवेत, हा नियम. दुसऱ्या बाई नवऱ्याच्या नोकरीपायी आयडाहोला गेल्या, आणि आत्याने भाचीकडे बोट दाखवलं. फेब्रुवारी संपायच्या आत झेलियाला मंजुरी आली नाही तर गट बंद, अकरा मुलं शेळ्या मिरवायच्या जत्रेतून बाद.

आता यात घाबरण्यासारखं काय? तर एक गाय.

अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, झेलियाने दोन मैत्रिणींच्या साथीने शेजारच्या गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या छपरावरची प्लास्टरची गाय उतरवली होती. ती चर्चच्या दारात नेऊन उभी करायचा बेत होता. अर्ध्या वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली. चार तास कोठडी, दहाही बोटांचे ठसे... मग आइस्क्रीमवाल्याने हसत तक्रार मागे घेतली. घरी तिने सांगितलं, टायर पंक्चर झाला. पण ते ठसे? ते कुठेतरी असतीलच की पडून!

"हात सैल सोडा," निनोस म्हणाला.

"सोडलाय."

"नाही सोडलात. तुम्ही मला मदत करताय. मदत करू नका."

त्याने तिचा अंगठा धरला, ठशांच्या यंत्राच्या काचेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवला. मग तर्जनी. त्याचा हात गरम होता, चहाच्या पेल्यामुळे असेल. झेलिया भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

"चीज करता ना तुम्ही?"

"वास येतोय?" ती कानापर्यंत लाल झाली.

"बोटांवरून कळलं. मिठाच्या पाण्यानं रेषा झिजतात. गवंडी, भांडी घासणारे आणि चीजवाले, आमच्या यंत्राला तुम्ही लोक दिसतच नाही." त्याने तिचा फॉर्म पुढे ओढला. "माझा धंदा बघा कसा. तुमची उंची, जन्मतारीख, फोन, डोळ्यांचा रंग, सगळं माझ्यासमोर. आणि उद्या बाजारात भेटलात तर ओळखसुद्धा दाखवायची नाही, असा नियम."

"डोळ्यांचा रंग काय लिहिलाय मी?"

"तपकिरी."

"मग? चूक आहे?"

"चूक नाही..." त्याने वर पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "यादीत त्याहून जवळचा रंग नाही, एवढंच."

दहा दिवसांनी ठसे तपासणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. पहिल्या ओळीत 'नाकारले' हा शब्द होता. झेलियाने पुढे वाचलंच नाही. तिचं धाबं दणाणलं. अकरा मुलांना काय सांगायचं, त्यांच्या आयांना काय सांगायचं? आणि आत्याला? तिने तशीच गाडी काढली आणि दुकानाचं दार ढकललं ते जवळजवळ बिजागरीतून उखडलंच.

"त्यांना गाय सापडली!"

निनोसने एका आजीबाईंचं पार्सल बांधता बांधता मान वर केली. "...हरवली होती?"

मग बांध फुटला. छप्पर, प्लास्टर, पोलीस, कोठडी, पंक्चर, सगळं. "तपासणी हवीच हो, माझं मूल असतं तर मीच मागितली असती! पण मी पोरांना इजा करणारी बाई नाहीये. मी फक्त... एकदा एक गाय चोरली."

निनोसने तिच्या हातातलं पत्र घेऊन शेवटपर्यंत वाचलं. 

"झेलिया, ठसे नाकारलेत. तुम्हाला नाही. पुसट आलेत, परत घ्या म्हणतात."

"म्हणजे गाय..."

"गाईपर्यंत अजून कुणी पोचलंच नाही. आणि मी निकाल बघत नाही, मी नुसता पाठवतो. तेव्हा गाईचं ठाऊक आहे ते फक्त मला, आणि या आजींना."

"मला काही ऐकू येत नाही," आजी म्हणाल्या. मग पार्सल उचलता उचलता: "केवढी होती गं?"

झेलिया हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निनोसने तिच्यापुढे चहा ठेवला. सात दिवस मिठाच्या पाण्यात हात घालायचा नाही, त्याने फर्मान काढलं, रात्री मलम लावायचं.

आठ दिवसांनी ती आली तेव्हा त्याने एकेक बोट तीन-तीनदा घेतलं. नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"आज गप्प?" तिने विचारलं.

"आज काम करतोय," तो म्हणाला, आणि त्याचेच कान लाल झाले.

फेब्रुवारीच्या चोविसाव्या दिवशी कचेरीतून आत्याला फोन आला. झेलिया सिल्वेरा, मंजूर. हरकत काही नाही. झेलियाचा जीव असा भांड्यात पडला की ती चीजच्या टाकीशेजारी ओल्या फरशीवर चक्क बसलीच. आणि हलकं वाटत होतं त्या भरात तिने आत्याला गाईचंही सांगून टाकलं.

"अगं, त्या पंक्चरच्या दुसऱ्या दिवशी तुझी गाडी घेऊन मीच चर्चला गेले होते," आत्या म्हणाली. "चारही टायर जुनेच, एकालाही ठिगळ नाही. मागे प्लास्टरचा भुगा. मी म्हटलं, सांगेल कधीतरी. अकरा वर्षं लावलीस, बये!"

दुपारी ती दुकानात पोचली. तिचा चेहरा बघूनच निनोसने दारावर 'जेवणाची सुट्टी'ची पाटी उलटवली. दुकानामागे बदामाची बाग होती. धुकं केव्हाच सरलं होतं, झाडं पांढऱ्या फुलांनी लवली होती आणि मधमाश्यांची घोंघों नुसती भरून राहिली होती.

"फोन करावासा वाटत होता," तो म्हणाला. "रोज. पण नियम म्हणजे नियम..." तो थबकला. "अजून एक सांगायचंय. ऐकल्यावर तुम्ही कदाचित परत जाल."

"काय? तुम्ही पण गाय चोरलीत?"

"पहिल्या वेळी तुमचे ठसे पुसट आले ते मिठाच्या पाण्यानं नाही. म्हणजे, नुसतं त्यानं नाही. यंत्र सांगत होतं, परत घ्या, परत घ्या. चार बोटांना सांगत होतं. मी... पडद्याकडे बघतच नव्हतो."

"कुठे बघत होतात?"

तो आत्ताही तिच्या डोळ्यांकडेच बघत होता. 

"दहा दिवस!" झेलिया ओरडली. "पत्राची वाट बघत दहा दिवस मी डोळा मिटला नाही! मग ते पत्र! मी तुरुंगात काय घालायचं ते ठरवून ठेवलं होतं, माणसा!"

"माहीत आहे. माझी चूक. तुम्ही म्हणाल ते..."

ती चालू लागली. तीन झाडं मागे पडली. तो मागून येत राहिला, हातभर अंतर ठेवून, खांद्यावर पडलेल्या पाकळ्या न झटकता. चौथ्या झाडाखाली ती थांबली, वळली, आणि तिला जाणवलं की रागवायला म्हणून शोधून ठेवलेलं एकही वाक्य आता आठवत नाहीये.

"वेडाच आहेस तू," ती म्हणाली, आणि ते हातभर अंतर तिनेच मिटवलं.