हवा लागलेला मुरघास

युवराजला ती पहिल्यांदा नीट दिसली तेव्हा डोळे मिटून मुरघास हुंगत होती. प्रेमाची सुरुवात याहून बरी कुठं होत असेलही, पण आमच्या जिल्ह्यात नाही.

लिंबागणेशच्या या म्हशीवाल्या पोरानं हिरव्या मक्याची बारीक कुट्टी करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दाबून भरली होती. हा मुरघास म्हणजे उन्हाळाभर म्हशींना तेवढाच चारा. तो आंबतोय की सडतोय, हे विचारायला मूठभर मुरघास डब्यात घालून तो अंबाजोगाईच्या एका कॉलेजात आला आणि प्रयोगशाळेच्या दारात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या ऋतुजाला धडकला. डबा सांडला. बाकीच्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या. ऋतुजानं मात्र खाली बसून चिमूटभर मुरघास उचलला...

"छान आंबलाय. दह्यासारखा वास आहे."

"पण मॅडम, ह्येला आंबवतंय कोण?"

"जिवाणू. मक्यातली साखर खातात, आम्ल सोडतात. त्या आम्लानं चारा टिकतो."

"एवढ्याशा जिवाला तोंड कुठंय?"

"तोंड नसतंच. अंगाभोवती पातळ पडदा असतो. पाणी त्यातून आपोआप आत जातं. साखरेला मात्र पडद्यातली प्रथिनं ओळखून आत घेतात, आणि आत येता येताच तिच्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो. मग तिला परत बाहेर पडता येत नाही."

"साखरेला कळतंय का... आपण अडकलो म्हणून?"

"अजून कुणी विचारलं नाही तिला."

"इचारायला पायजे," तो म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा डबा घेऊन आला. त्याच्या पुढच्याही. मग आठवड्यातून दोनदा. चाऱ्याची तपासणी करायची म्हणून ऋतुजाही काजळ घालायला लागली. विज्ञानाला याची गरज नव्हती, पण विज्ञानानं हरकतही घेतली नाही.

एके दिवशी मात्र डब्यातून कुबट वास आला. आम्ल घटलेलं, वर पांढरी बुरशी.

"पिशवी उघडी ठेवली होती?"

"न्हाई. डबा भरायपुरतीच उघडतो की... दरवेळी."

शिरूर कासारच्या ऋतुजाची कॉलेजातली मराठी तिथंच संपली. "कावून? येड लागलंय का तुमाला? आत हवा गेली की दुसरेच जीव ते आम्ल खाऊन टाकतात, अन् बुरशी माजते! उन्हाळ्यात म्हशींनी काय खायचं?"

युवराज डब्याचं झाकण फिरवत राहिला. "मंग मी... काय घिऊन यायचं हितं?"

ऋतुजानं डबा त्याच्या हातून काढून घेतला. रागही होता, आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी—

"चला. पिशव्या दाखवा," ती म्हणाली.

भर दुपारी, सगळ्या गावाला नीट दिसेल अशी, ती त्याच्या मोटारसायकलवरून लिंबागणेशला उतरली. एक पिशवी वरून काळी पडली होती. बाकीच्या शाबूत होत्या. दोघांनी मिळून बुरशीचा थर उपसला. युवराजची आई चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पोरी, भरताना म्या सोता दाबलीय ही पिशवी. मंग नासली कशानं?"

उंदरांचं नाव सांगता आलं असतं. त्यांच्यावर तसेही बरेच आरोप असतात. युवराजनं तर तोंड उघडलंही होतं.

"माझ्यामुळं, मावशी," ऋतुजा म्हणाली. "मला भेटायला ह्यांना निमित्त लागायचं. म्हणून सारखी उघडायचे."

चंद्रभागाबाईंनी पोराकडे बघितलं, मग पोरीकडे, मग बराच वेळ म्हशींकडे.

"मंग बाई, दुसरी पिशवी फोडायच्या आदी ह्येला हो तरी म्हण, न्हाईतर न्हाई तरी. माझी जनावरं उपाशी नगं मारू."

युवराज जमिनीत जायला जागा शोधत होता. ऋतुजाच्या हाताला बुरशी होती, केसांत मक्याचा चुरा होता, आणि काजळ घामानं गालापर्यंत आलं होतं.

"हो," ती म्हणाली.

इतक्या म्हशी बघत असताना नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय तिला म्हणायचंही नव्हतं.