ब्रेक दाबलेला

गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की मांजरी गावातल्या त्या नव्या सोसायटीचं तळघर विहिरीसारखं होतं. वर उन्हं असतात, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि खाली मात्र आपलाच हात शोधावा लागतो. अक्षता मोबाईलचा उजेड पुढे धरत जिना उतरली. ओलसर सिमेंटचा आणि जुन्या पेट्रोलचा वास येत होता.

काम साधंच होतं. वडिलांची जुनी गाडी विकायची होती. सुखदेवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मागच्या हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावर गाडी चालवता चालवताच गेले. शेजारी सुंदराबाई, अक्षताची आई, बसलेल्या होत्या. त्या दिवसाबद्दल त्या एकच वाक्य सांगत, गाडी बाजूला थांबली आणि हे गेले. पुढे कुणी काही विचारलं, की उठून ओटा पुसायला लागत.

मंडईतले एक व्यापारी, रंगनाथ, गाडी घ्यायला तयार होते; फक्त डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. अक्षता नोकरीच करत होती मोटारींच्या सॉफ्टवेअरची. म्हणाली, मीच बघते.

गाडीत एक लहानसा संगणक असतो. स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर लावली, की इंजिन किती गरम आहे, वेग किती, कुठलं पेडल दाबलं आहे, हे सगळं तो लॅपटॉपवर सांगतो. ही गाडी जुनी, त्यामुळे तिचा संगणकही म्हाताऱ्या माणसासारखा थांबत थांबत बोलायचा. एक ओळ, मग जरा वेळाने दुसरी.

वडिलांच्या सीटवर बसवेना, म्हणून अक्षता शेजारच्या सीटवर बसली. हात लांब करून किल्ली अर्धी फिरवली. इंजिन बंदच ठेवलं. बिघाड लगेच सापडला. एक जुना सेन्सर होता, बदलला की झालं. तिला हायसं वाटलं. सहज म्हणून तिने चालू आकडे उघडले.

वेग, शून्य. इंजिनाचे फेरे, शून्य. ब्रेक, दाबलेला.

तिने मान वाकवून खाली उजेड टाकला. रबर झिजलेलं पेडल होतं, आणि त्यावर कुणाचाच पाय नव्हता. स्विच अडकला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिचं लक्ष आरशात गेलं. मागची भिंत लाल दिसत होती. ब्रेकचे दिवे लागले होते.

ती वाकली आणि पेडल बोटांनी वर उचलायला गेली. ते आधीच खाली गेलेलं होतं. वर येईना. गंजून अडकलेली वस्तू कशी मुर्दाड लागते, तसं ते लागत नव्हतं. बोटांखाली ते किंचित कमी-जास्त होत होतं... माणूस सिग्नलला थांबल्यावर त्याचा पाय होतो तसं.

अक्षताने हात मागे घेतला. घरात भुताखेतांना थारा नव्हता. सुखदेवरावांनी लहानपणीच ते सगळं हसून काढून टाकलं होतं. आणि तरीही तिच्या मनात भीतीच्या आधी आला तो उमाळा. बाबा, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तिने आईला फोन लावला आणि खाली ये एवढंच म्हणाली.

सुंदराबाई टॉर्च घेऊन हळूहळू आल्या. लाल भिंतीकडे त्यांनी पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. "तिथून ऊठ अक्षू," त्या म्हणाल्या. "ती माझी जागा आहे."

अक्षता लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि उघड्या दाराशी उभी राहिली. वायर जेमतेम पुरली. आई आत बसली. पदर सावरला, बेल्ट लावला.

"आई, बाबा आहेत ना..."

सुंदराबाईंनी समोरच्या काळोखाकडे पाहिलं.

"ते नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांची उजवी बाजू क्षणात गेली होती. पाय तसाच ॲक्सिलरेटरवर पडला, गाडी पळतच राहिली. पुढे ट्रक उभा होता. मी दोन्ही हातांनी त्यांचा पाय ओढून काढला. ब्रेकपर्यंत माझा हात पोचला नाही गं. डावा पाय मला दिसत होता, तो हलला नाही. आणि मग ब्रेक लागला... सावकाश. मला धक्कासुद्धा बसू नये, असा."

"मग कुणी..."

"मी विचारलं नाही. मला वाचवलंय कुणीतरी. आणि ह्यांना नाही वाचवलं. त्याला काय विचारायचं?"

एवढे महिने आईने हे एकटीने बाळगलं होतं. अक्षताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थंड होता, पण थरथरत नव्हता.

सुंदराबाईंनी मान रिकाम्या सीटकडे वळवली आणि परक्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "थांबली आहे गाडी. आता सोडा आपण."

पेडल वर येताना बारीक कुरकुरलं. भिंतीवरचा लाल उजेड गेला. अक्षताने किल्ली काढली, वायर उपटून खिशात कोंबली आणि लॅपटॉप तसाच उघडा काखेत धरून आईला जिन्याने वर आणलं. आई प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबत होती.

घरात आल्यावर आई खुर्चीत बसली. अक्षताने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि बंद करायला हात पुढे केला.

आकडे येतच होते.

तिने मागच्या ओळी पाहिल्या. गाडी खाली जागची हलली नव्हती, वायर तिच्या खिशात होती; पण वायर उपटल्यानंतर वेगाच्या रकान्यात नुसतं शून्य नव्हतं. तीन, दोन, तीन, एवढाच वेग. माणूस चालतो तेवढा. मग शून्य. पुन्हा दोन, तीन. पुन्हा शून्य. जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर एकेक शून्य होतं.

आता शेवटच्या ओळीतही शून्यच होतं. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

थोड्या वेळाने आई उठली. चहा टाकते म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

पडद्यावर नवी ओळ आली. एक. मग दोन.

आत आई ओट्यापाशी थांबली.

शून्य.