एकशे ऐंशी किलोंपर्यंत

काटेमास्तर माणसांशी वाद घालत, वजनकाट्याशी कधीच नाही. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि खोटं बोलणारा एकही काटा त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

त्यामुळे बेटावर जाणाऱ्या चिमुकल्या विमानाच्या फॉर्मवर 'दोघांचं सामानासकट वजन, कमाल १८० किलो' असं वाचल्यावर त्यांनी रविवारी सकाळी दुकानातला मोठा, सुईवाला काटाच स्वयंपाकघरात आणून ठेवला. मास्तर बहात्तर. बायको सत्तावन्न. बॅग बारा.

"एकशे एक्केचाळीस. आरामात!" मास्तर म्हणाले. "आता एकदा एकत्र बघू."

बॅग घेऊन दोघं चढले. सुई एकशे ब्याऐंशीवर थांबली.

"अहो, पोट आत घ्या."

मास्तरांनी घेतलं. सुई हलली नाही. उतरून त्यांनी वीस किलोचं माप ठेवलं. वीस. पुन्हा दोघं चढले. एकशे ब्याऐंशी.

"हे एक्केचाळीस जास्तीचे आले कुठून?"

बायको खिडकीशेजारच्या भिंतीकडे बघत होती. तिथे जुन्या कॅलेंडरचं पान होतं, बेटाच्या चित्राचं. तिच्या आईनं चिकटवलेलं. सासूबाई या घरात नऊ वर्षं राहिल्या, नऊ वर्षं बेटावर जाऊ या म्हणाल्या, आणि नऊही वेळा मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलात त्यांचं शेवटचं वजन घेतलं होतं. तो आकडा बायकोला पाठ होता. मास्तरांनाही.

"दोन किलो जास्त होतंय," मास्तर घसा खाकरत म्हणाले. "मग यंदा राहू दे का? पुढच्या..."

"म्हणून तर बघा."

मास्तरांनी उरलेलं वाक्य गिळलं. वाक्याला वजन नसावं. सुई होती तिथेच राहिली.

मग त्यांनी बॅगेतून आपले बूट काढले. इस्त्री काढली.

"इस्त्री कशाला घेतली होती?"

"बेटावर कोणी ओळखीचं भेटलं तर?"

पुन्हा चढले. बरोबर एकशे ऐंशी. मास्तरांनी काट्यावर उभ्या उभ्याच फॉर्मवर आकडा लिहिला. 'प्रवासी : दोन' लिहिताना पेन जरा अडखळलं.

बॅग काट्यावरच ठेवून दोघं उतरले.

सुई एक्कावन्नवर राहिली.

मास्तरांनी बॅग उचलली. दहा किलोचीच होती.

एक्केचाळीस.

बायकोनं हलकेच खिडकीचा पडदा बाजूला केला.

सुई किंचित थरथरली. काट्यावर उभं असलेलं माणूस लांबचं काही बघायला टाचा उचलतं, तेव्हा थरथरते ना, तशी.