हीटर, तोही गुहागरात!

गोपाळगडाच्या मोहिमेत भाकऱ्या कोणी उचलायच्या आणि पाणी कोणी, यावर सलोनी, ओमकार आणि सानवी यांची जुंपली होती, तेवढ्यात रूपेशशेठांच्या अंगणातून आरोळी उठली.

“बस आत! काचा वर! अर्धा तास! त्याआधी उतरलास तर चोरी कबूल केलीस असं मी समजेन!”

सलोनीने हातातली बाटली टाकली आणि ती कुंपण ओलांडून आत धावली, मागोमाग ते दोघेही. शेठांच्या सात आसनी गाडीवर तिचे बाबा, आनंदा, चार वर्षे ड्रायव्हर होते. मे महिन्याच्या भर दुपारी ती गाडी उन्हात उभी होती. बॉनेट उघडे, इंजिन चालू, सगळ्या काचा बंद. आत स्टिअरिंगवर हात ठेवून बाबा बसले होते.

“काय झालं, शेठ?” ओमकारने विचारले.

“ह्याला विचार!” शेठांनी गॅरेजवाल्या रितेशकडे बोट केले. “सांग रे.”

रितेश तंबाखू मळत म्हणाला, “आठ दिवसांत दोनदा गॅस भरला, तरी एसी गरमच. एसीचा चांगला कॉम्प्रेसर काढून कोणीतरी भंगारातला बसवलाय. गाडी कोणाच्या ताब्यात असते? आनंदाच्या!”

“आणि हा म्हणतो, सकाळी एसी गार चालतो!” शेठ ओटीवरच्या पाहुण्यांकडे बघून हसले. “म्हटलं, चालतो ना? मग बस की गारव्यात!”

शेठांच्या खोल्यांत उतरलेले हे चार पाहुणे वेळणेश्वरला निघायचे होते. त्यांतला एक मोबाइल वर धरून हा सारा प्रकार टिपत होता. “घाम काढायचा सॉना, फुकटात!” तो म्हणाला, आणि बाकीचे खिदळले.

काचेपलीकडे बाबांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते. त्यांनी सलोनीला पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. तेवढे मात्र तिला सोसवले नाही.

“बाबा, उतरा!” ती ओरडली.

बाबांनी मान हलवली. नाही.

“बापूस तुझा हट्टी आहे गो,” शेठ म्हणाले. “चोराला गुहागरात दुसरी गाडी कोण देणार, ते त्याला पक्कं ठाऊक आहे!” आणि ते कोकम सरबताचा पेला घेऊन ओटीवर टेकले.

सानवीने घड्याळ पाहिले. ती डोंबिवलीहून मामाकडे, म्हणजे सलोनीकडेच, सुट्टीला आली होती. “सहा मिनिटं झाली. मामांचा चेहरा बघ, लाल झालाय. आपण दगड घालू काचेवर!”

“आणि मग? चोर ते चोरच राहतील,” सलोनी म्हणाली. तिचे डोके अजून कामात होते. “ओमकार, तुझे पप्पा होडीचं इंजिन बिघडलं की काय करतात?”

ओमकारचे पप्पा जेटीवर होड्यांची इंजिने दुरुस्त करत. “आधी काय काय चालतंय ते बघतात. जे चालतंय, ते सोडून द्यायचं. उरेल तिथे बिघाड.”

“मग बघ!”

“पट्टा फिरतोय, त्याच्यापासून हात लांब ठेवा हं!” ओमकारने बजावले आणि बॉनेटमध्ये डोकावला. काचेजवळ, इंजिनाच्या मागच्या अंगाला, एक ॲल्युमिनियमची नळी गाडीच्या आत शिरत होती. त्याने तिला हळूच बोट लावले आणि तो चकितच झाला. “सलोनी! बर्फ आहे बर्फ! पाणी ठिबकतंय!”

“म्हणजे?”

“म्हणजे गॅस आहे! कॉम्प्रेसरही काम करतोय! त्याच्याशिवाय ही नळी गार होईलच कशी?”

सानवी ओटीकडे वळून ओरडली, “रितेशदादा, तुम्ही या नळीला हात लावला होता का?”

“मला नळ्या चाचपाव्या लागत नाहीत. आवाजावरून कळतं!”

“गॅस भरताना दाब मोजायला मीटर लावला होता?”

रितेशने तंबाखू तोंडात टाकली.

“अकरा मिनिटं!” सानवी म्हणाली. बाबांनी आता डोके मागे टेकवले होते. त्यांचे ओठ कोरडे पडलेले बाहेरूनही दिसत होते. पाहुण्याचा मोबाइल अजून वरच होता.

सलोनीने डोळे घट्ट मिटले. गारवा तयार होतोय. मग आत जाताना तो हरवतो कुठे? आणि तिला आठवले, परवा जेवताना बाबा आईला सांगत होते : सकाळी निघताना झकास गार असतो, दहा मिनिटांत, पालशेत येईपर्यंत, गरम होतो. रोज असेच!

“ओमकार, सकाळी आणि दहा मिनिटांनंतर, यांत गाडीत काय बदलतं?”

“इंजिन तापतं. त्यातलं पाणी उकळीला येतं.”

“ते पाणी गाडीच्या आत जातं का?”

ओमकारने पुन्हा वाकून पाहिले. गार नळीच्या बाजूलाच दोन जाड रबरी नळ्या आत जात होत्या. त्याने एकीला बोट टेकवले आणि लगेच झटकले. “आई गं! ह्या कशाला आत जातात?”

“हीटरला!” सानवी उडालीच. “आमच्या शेजारच्यांच्या गाडीत आहे, ते मनालीला लावतात!”

“हीटर, तोही गुहागरात!” ओमकार हसला आणि हसता हसता थबकला. इथे जन्मात कोणी हीटर लावला नव्हता. म्हणूनच गाडीत तो असतो, हेच सारे विसरले होते! गार वारा तयार होत होता आणि त्याच क्षणी कोणीतरी त्याला उकळत्या पाण्याजवळून फिरवून आणत होते.

“बाबा!” सलोनीने काचेवर थाप मारली. “बटण गारच्या निळ्या खुणेवर आहे?” बाबांनी कष्टाने हात उचलून दाखवले : निळ्यावर.

“मग बटण खोटं बोलतंय,” असे म्हणत सलोनीने डाव्या बाजूचे दार उघडले. भट्टीसारखी झळ तिच्या तोंडावर आली.

“ए! दार उघडायचं नाही!” शेठ गरजले.

“तुम्ही म्हणालात, उतरायचं नाही! ते उतरले नाहीत. मी चढतेय!”

पाहुणे हसले, आणि या खेपेला शेठांना.

पायांजवळच्या जागेत ती पाठीवर पडली आणि मान डॅशबोर्डखाली घातली. बटणापासून निघालेली पोलादी तार एका काळ्या दांडीपर्यंत यायला हवी होती. ती तर नुसतीच लोंबत होती! दांडी हीटरच्या बाजूला सरकलेली होती आणि तार अडकवायच्या चापात काहीतरी पिवळे रुतले होते. तिने ते ओढून काढले, आणि दांडी उलट दिशेला रेटली.

खट्!

झरोक्यांतून येणारा वारा कोमट झाला. मग थंड, मग असा गार की बाबांनी चेहरा पुढे नेऊन डोळे मिटले.

“एकोणीस मिनिटं!” सानवी किंचाळली. “शेठ, या ना, हात लावून बघा!”

सलोनी बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत आंब्याच्या पेटीत घालतात तसा भाताचा पेंढा होता. “हा चापात अडकला होता. पुढच्या सीटसमोर, पायांजवळ आंब्याच्या पेट्या कोणी ठेवल्या? पेटीचा कोपरा लागून तार निसटली!”

मग दारातून शेठांच्या आई, सत्यवतीकाकू, काठी टेकत पुढे आल्या.

“गेल्या रविवारी आनंदा सुट्टीवर होता. पेट्या तूच कोंबल्यास, रूपेश. मी सांगत होते, मागे ठेव. तू म्हणालास, मागे आंबा चेपतो.”

“आई, आता ते...”

“आंबा चेपेल म्हणून जपलास, आणि माणूस उकडत ठेवलास मेल्या!”

शेठ पुटपुटले, “बरं. आनंदानं काही काढलं नाही.”

“मोठ्यानं!” काकू म्हणाल्या. “चोर म्हणताना समुद्रापर्यंत आवाज जात होता तुझा.”

सलोनी मोबाइलवाल्या पाहुण्याकडे वळली. “मघाचं टिपलंत ना? हेही टिपा.” त्याची मान खाली गेली, पण मोबाइल वर आला. शेठांना तेच वाक्य दोनदा म्हणावे लागले. रितेश हत्यारांची पेटी उचलून मागच्या दाराने केव्हाच सटकला होता.

“पोरांनो,” काकू म्हणाल्या, “एवढी मोठी माणसं तोंड चालवत बसली, आणि हात तुम्ही चालवलेत. शाबास! तुझ्या बापाची अब्रू तू आज भर उन्हातून परत आणलीस गो.”

बाबा उतरले. त्यांनी आधी दाराला धरले. ओमकारने दिलेल्या बाटलीतले पाणी ते सावकाश प्यायले.

“चल, आनंदा, झालं गेलं!” शेठ ओढूनताणून हसले. “गंमत केली रे! पाहुण्यांना वेळणेश्वरला ने.”

“नेतो. त्यांना शब्द दिलाय,” बाबा शांतपणे म्हणाले. “उद्यापासून तुमची गाडी तुम्ही चालवा.”

शेठांचे हसू तिथेच विरले. पाहुणे मागे बसले, आणि काकूंच्या आग्रहावरून तिन्ही मुलेही दाटीवाटीने शिरली. निसटलेली तार ओमकारने सुतळीने दांडीला आवळली होती.

गाडी निघाली. गार वारा बाबांच्या घामाने चिंब सदऱ्यावर येऊ लागला आणि काही क्षणांतच ते शहारले. दात वाजल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“मामा,” सानवी हळूच म्हणाली, “हीटर लावू का?”

बाबांनी तिच्याकडे पाहिले, मग सलोनीकडे, आणि ते इतके मोठ्याने हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.