न सांडलेली पुडी

“गोळ्या बंद केल्या, ताई. वर चोराचा शिक्का आमच्याच कपाळी,” जयश्री अहिरे म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

उषा प्रधानने तिला पाणी दिलं. खासगी तपास करणारी बाई म्हणून सुरतेत तिचं नाव होतं; एरवी कापड-व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी येत. नवरा जयंत बँकेत. सुट्टीच्या दिवशी तो तिची स्कूटर हाकायचा. डोकं चालवायचं काम त्याने लग्नातच तिच्यावर सोपवलं होतं.

जयश्रीचा नवरा दगा सुरतेच्या गोडादरा भागात लूमवर कामाला होता. सुताचा बीम पाठीवर पडला आणि तो खाटेला खिळला. मॉर्फिनच्या गोळ्यांवर कसाबसा माणसात असायचा. ही गोळी परवाना असलेल्या दवाखान्यातच मिळते. अलीकडे बाटली वेळेआधी संपू लागली. अशात दवाखान्यासमोरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, त्याच गोळ्यांची पुडी सापडली. दगा गोळ्या विकतो, असं डॉक्टरांनी धरलं.

दवाखान्यात डॉ. अमृता काळेंनी ती पुडी उषापुढे ठेवली. “माझा परवाना गेला तर सगळ्याच पेशंटांचे हाल. खरं काय ते कळू दे, मी आजच गोळ्या सुरू करते.”

उषाने पुडी टेबलावर जोरात झटकली. आतल्या दोन गोळ्यांचा भुगा झाला होता, पण बाहेर काही पडलं नाही.

खिडकीत कंपाउंडर भाईदास कुणासाठी तरी पावडरच्या पुड्या बांधत होता. “बेन, बाटली मी पूर्ण भरून आपतो,” तो म्हणाला. “घ्यायला त्यांचे सुकलालभाई येतात.” आणि फळीवर सांडलेली पावडर त्याने फुंकून टाकली.

“हाच,” जयंत कुजबुजला. “पुड्या बांधतोय बघ.”

“बांधतोय खरा,” उषा म्हणाली.

गोडादऱ्यातल्या घरी दगा तोंडात टॉवेल धरून कण्हत होता. धाकटा भाऊ वाल्मिक दारातच अंगावर आला. “हो, पितो मी. दादालाही आणून पाजली, दारूबंदी असून. तुमच्या गोळ्या बंद, मग त्याने काय करायचं? पण चोर मी नाही.”

घराच्या आढ्याला झोका टांगलेला होता. आखाजी, खान्देशातली अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती, तरी दोर नवाकोरा.

“हा कुणाचा?” उषाने विचारलं.

“नणंदबाईंचा,” जयश्री म्हणाली. “सुंदराबाई दरवर्षी आखाजीला माहेरी येतात. यंदाच नाही आल्या.”

“घरात कामं पडली होती,” खाटेशी बसलेला सुंदराचा नवरा सुकलाल चटकन म्हणाला. तो कतारगामला हिरे घासायचा. येताजाता दवाखान्यातून बाटली आणून देणारा तोच. माणूस मोठा अगत्याचा. जयंतने ढेकर देताच त्याने कॅलेंडरचा कागद फाडून भाजलेला ओवा बांधून दिला. जयंतने पुडी पँटच्या मागच्या खिशात कोंबली आणि स्कूटरवर तिच्यावरच बसून घरी आला.

संध्याकाळी उषाने डॉक्टरांनाही गोडादऱ्याला नेलं. सुकलाल अजून तिथेच होता.

“वाल्मिक पितो, पण लपवत नाही,” तिने सुरुवात केली. “भाईदासवर मलाही संशय होता. पण त्याच्या पुड्या गळतात. गल्ल्यावरची पुडी झटकली, तरी गळली नाही. अहो, ओवा काढा.”

जयंतने चपटी झालेली पुडी काढली. खिसा उलटा केला. ओव्याचा दाणासुद्धा पडला नाही. उषाने गल्ल्यावरची पुडी शेजारी ठेवली. दोन्ही पुड्यांची घडी हुबेहूब एक होती.

“हिऱ्याच्या कारखान्यात कणही सांडू नये अशी घडी घालतात. मग हात ओवाही तसाच बांधतो आणि गोळ्याही. बाटली घरी येण्याआधी तुम्ही समोरच्या गल्ल्यावर गोळ्या काढायचात, सुकलालभाई. घाईत एक पुडी तिथेच राहिली.”

“हे विकत होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. तो झोका बघा. आखाजीला माहेरी न आलेली खान्देशी बाई रुसलेली तरी असते, नाहीतर उठू शकत नसते. रुसली असती तर जयश्रीने सांगितलं असतं.”

सुकलाल दगाच्या पायाशी बसला. “तिच्या पोटात गाठ आहे. हाडात गेलीय म्हणतात. आमच्या भागातल्या दवाखान्याला परवाना नाही. डोकेदुखीच्या गोळ्या देतात. रात्रभर उशी चावते हो ती. भावाला सांगायचं नाही, तो आधीच पडलाय, अशी शपथ घातली तिने.”

“आणि हे ओरडायचे ते ऐकू येत नव्हतं, दाजी?” जयश्री म्हणाली.

“यायचं,” सुकलाल म्हणाला. “इथेही, तिथेही.”

डॉक्टरांनी पिशवीतून बाटली काढली आणि जयश्रीच्या हातात दिली. “यापुढे ही तुम्हीच न्यायची. सुंदराबाईंना तपासल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. उद्या घेऊन या.”

दगा सुकलालकडे बघत होता. त्याने तोंडातला टॉवेल काढला.

“मनी सख्खी बहीण,” तो म्हणाला. मग त्याने जयश्रीपुढे हात पसरला. “पहिले गोळी दे. राग मंग करसू.”

जयश्रीने गोळी त्याच्या तोंडात ठेवली, वर पाणी पाजलं. दगाची मूठ हळूहळू सैल झाली. वाल्मिक झोका सोडायला उठला, तशी दगाने मान हलवली.

“ऱ्हाऊ दे तो,” तो म्हणाला. “दाजी, रिक्षा करा. तिले आजच घरी लई या.”