चंदेरी गाडीची उजवी बाजू

शनिवारी सकाळी दहा वाजता हिमानी आली ती एकच प्रश्न घेऊन, आणि उत्तर तिला संध्याकाळी पाचच्या आत हवं होतं. गाडी घ्यायची की नाही?

नीलांबरी सोहोनींकडे लोक असले प्रश्न घेऊन येत नसत. पंचवीस वर्षं त्यांनी इन्शुरन्स कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या आणि मग ॲरिझोनाचं लायसन्स काढून चँडलरमध्ये खासगी तपासाचं काम सुरू केलं. बोलणं कमी, बघणं जास्त. मदतीला श्रीरंग. हा गडी आठवडाभर एका चिपवाल्या कंपनीत टेस्टर, म्हणजे चुका शोधण्याचाच पगार घेणारा. पण शनिवारी नीलाताईंच्या शेजारी बसला की नाकासमोरची चूकही त्याला दिसत नसे.

हिमानीची गोष्ट सरळ होती. दोन महिन्यांपूर्वी तिची नोकरी गेली. नवी मिळाली, पण सोमवारी रुजू व्हायलाच हवं. नाही झाली तर व्हिसाची मुदत संपणार आणि सहा वर्षांच्या रुहीला घेऊन परत जावं लागणार. नवरा सिद्धेश स्वतःचाच व्हिसा अडकल्यामुळे पुण्यात बसलेला. ऑफिस पस्तीस मैलांवर, बस नावापुरती, आणि मध्ये पगार थांबलेला म्हणून कुणी कर्ज देईना.

अशात इथल्या मराठी मंडळाच्या देवदत्तकाकांनी गाडी सुचवली. २०१६ची जपानी सेडान, चंदेरी, फक्त बेचाळीसशे डॉलर. आज पाचपर्यंत चेक दिला नाही तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार. कागदावर सॅल्व्हेजचा शिक्का, म्हणजे इन्शुरन्स कंपनीनं एकदा मोडीत काढलेली आणि नंतर दुरुस्त झालेली.

"काका म्हणाले, गारांनी डेंट पडले होते, बाकी काही नाही," हिमानी म्हणाली. "मी म्हटलं, एकदा कुणाला तरी दाखवते. तर म्हणाले, आपल्या माणसाकडून घेतेयस, दाखवायचं काय त्यात? ते मला जरा खटकलं."

श्रीरंगला ते मुळीच खटकलं नाही. चार वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा महिनाभर काकांच्याच घरी राहिला होता. त्याला ड्रायव्हिंग काकांनीच शिकवलं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मराठी पोराला काका स्वतःच्या गाडीवर फुकट शिकवत, आणि चाळीस वर्षांत आपल्या गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य दर धड्याला ऐकवत. अशा माणसावर शंका घ्यायची म्हणजे हद्दच झाली.

"ताई, काका देवमाणूस आहेत," तो म्हणाला.

"मग तपासायला काय हरकत आहे?" नीलाताई उठल्या.

सगळे श्रीरंगच्या गाडीतून निघाले. बसता बसता ताईंनी बॉनेटवरच्या नारिंगी डागावर बोट फिरवलं आणि हा अजून गेला नाही का, असं विचारलं. श्रीरंग हसला. मंडळात कुणीही गाडी घेतली की पूजा देवदत्तकाकांच्या पत्नी रत्नाकाकू करायच्या, आणि त्या कुंकू पाण्यात नाही, तेलात कालवायच्या. इथल्या उन्हात ते स्वस्तिक रंगात असं मुरायचं की पॉलिश केलं तरी हटायचं नाही. सगळे त्यांना चिडवत. त्या म्हणत, मुरायलाच हवं, आशीर्वाद आहे तो.

गाडी विकणाऱ्या अवधूतच्या गॅरेजमध्ये उभी होती. अवधूत मूळचा नागपूरचा, बोलायला मोकळा. आज मात्र उगाचच हात पुसत होता. गाडी ऑक्शनमध्ये घेतली, त्यानं सांगितलं. फ्लॅगस्टाफकडच्या कुठल्याशा माणसाची होती, दोन वर्षांपूर्वीच्या गारांत सापडली.

"बॉनेट तर पुरा चाळणी झाला होता ताई. घासून, फुल रीपेंट केला. छतसुद्धा."

नीलाताईंनी बॉनेट बघितला. मधोमध चहा सांडल्यासारखा एक फिकट डाग होता, चमकत्या पॉलिशच्या खाली. श्रीरंगनं गंभीर चेहरा करून गंज असल्याचं निदान केलं. ताईंनी त्यावरून नुसतं बोट फिरवलं.

मग त्या आत बसल्या. इंजिन चालू न करता चावी नुसती एक घर फिरवली आणि समोरच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. इंजिन, बॅटरी, ऑइल, ब्रेक, एबीएस असे दिवे लागले आणि मग इंजिन चालू करताच विझले. एकही लाल दिवा उरला नाही, म्हणून श्रीरंग खूश झाला. ताईंनी इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली, पुन्हा बघितलं. मग चारही दारांकडचे सीटबेल्टचे पट्टे मुळापर्यंत ओढून त्यांच्या टोकाची लेबलं वाचली. तीन पट्ट्यांवर २०१६ होतं, मागच्या उजव्या पट्ट्यावर २०२३. छताचं आतलं कापडही उजव्या बाजूला जरा उजळ वाटत होतं.

रुही तोवर मागचं उजवं दार उघडून आत चढली होती.

"धिस इज माय सीट," ती म्हणाली.

"तिला नेहमी उजवीकडेच बसवते," हिमानीनं सांगितलं. "इथे फुटपाथ उजवीकडे येतो, त्या बाजूला उतरता येतं ना."

निघताना ताईंनी फोनवर गाडीचा इतिहास काढला. मालकाचं नाव अशा रिपोर्टात नसतंच. एवढंच होतं: नोंदणी पहिल्यापासून ॲरिझोनाची, २०२३च्या मार्चमध्ये मोडीत. कारण दिलेलं नव्हतं.

देवदत्तकाकांच्या घरी नेहमीसारखं स्वागत झालं. काकांनी चिवडा पुढे केला आणि नीलाताईंच्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण आवाज जरा चढलेला होता. गाडी अवधूतची आहे, आपला तिच्याशी काही संबंध नाही, आपण फक्त एका गरजू मुलीला मदत करतोय. ताईंनी त्यांच्या दारातल्या मोठ्या एसयूव्हीचं कौतुक केलं आणि कधी घेतली ते सहज विचारलं. दोन वर्षं झाली, काका म्हणाले. जुनी डीलरला देऊन टाकली. जुनी कुठली होती, असं विचारल्यावर त्यांनी हात उडवला. "होती एक चंदेरी. इथे दर तिसरी गाडी चंदेरी असते."

ताई स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग श्रीरंग. रत्नाकाकू डाव्या हातानं चहा ओतत होत्या, तोही थोडा सांडत. उजवा खांदा अजून वर होत नाही, त्या म्हणाल्या. बाथरूममध्ये घसरल्या होत्या, झाली की दोन वर्षं. गाडी पाहिली का, या प्रश्नावर त्यांनी मान हलवली. नाही बाई, आपण कशाला पाहतोय. घेतली की पूजा करू.

तेवढ्यात हिमानी कप न्यायला आत आली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हिमानी, रुहीला मागे डावीकडे बसवत जा हं. उजवीकडे नको."

"का हो काकू?"

"अगं, असंच. डावीकडेच बरं."

नीलाताईंनी हातातला कप न पिताच खाली ठेवला.

बाहेर येऊन त्यांनी अवधूतला फोन केला आणि गाडी घेऊन ताबडतोब यायला सांगितलं. तो आला. भर दुपारी चारच्या उन्हात सगळे दारातल्या त्या गाडीभोवती उभे राहिले. रुही आत टीव्ही बघत होती. काका म्हणाले, हे काय नाटक आहे? ताई म्हणाल्या, पाच मिनिटांचंच आहे.

"अवधूत, बॉनेट पुरा घासून रंगवलास म्हणालास. मग हा डाग रंगात कसा उरला? हा गंज नाही. हे तेलातलं कुंकू आहे, जुन्या रंगात मुरलेलं. घासलं असतं तर गेलं असतं. म्हणजे बॉनेट मूळचाच आहे आणि त्याला कधी गारच लागली नाही. गारा ही थाप आहे."

श्रीरंगनं वाकून पाहिलं. नीट बघितलं तर स्वस्तिकाच्या दोन भुजा आणि एक ठिपका दिसत होता. तोच डाग तो रोज सकाळी आपल्या गाडीवर बघत होता. त्याला स्वतःचाच संताप आला.

"आता सांगते काय झालं होतं," ताई पुढे म्हणाल्या. "चावी फिरवली की एअरबॅगचा दिवासुद्धा क्षणभर लागायला हवा. मी दोनदा पाहिलं, तो लागलाच नाही. कुणीतरी तो काढून टाकलाय, कारण ठेवला असता तर तो विझलाच नसता. मागचा उजवा पट्टा २०२३चा, छताचं कापड त्याच बाजूला नवं. गाडीला उजवीकडून, मागच्या दाराशी जबर धडक बसली. छतातली पडद्यासारखी एअरबॅग फुटली. नवी बसवायला खूप खर्च येतो, म्हणून नुसतं कापड चढवलं आणि दिवा मारला. सॅल्व्हेजची सरकारी तपासणी मुख्यतः चोरीचे भाग शोधते. तिथे हे निभावून गेलं."

हिमानीनं उजव्या दाराच्या काचेवर हात ठेवला.

"कुंकवावरून एवढंच कळलं की गाडी आपल्यातल्या कुणाची तरी आहे," ताई म्हणाल्या. "कुणाची, ते स्वयंपाकघरात कळलं. मूल फुटपाथच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे बसवतात. ज्या बाईनं गाडी पाहिलीच नाही, ती डावीकडे बसव असं का सांगेल? उजवीकडे काय नाही, हे तिला माहीत असल्याशिवाय? मार्च २०२३मध्ये गाडी मोडीत निघाली. दोन वर्षांपूर्वीच काकूंचा उजवा खांदा गेला, दोन वर्षांपूर्वीच दारात नवी गाडी आली. काका, गाडी तुमचीच आहे. इन्शुरन्सचे पैसे घेतलेत, मोडीच्या भावात गाडी स्वतःकडेच ठेवून घेतलीत, आणि आता अवधूतच्या नावाआडून विकताय."

अवधूतनं ताबडतोब हात झटकले. काकांनी सांगितलं तेवढंच केलं, तो म्हणाला. बॅग बसवू का असं विचारलंही होतं.

काकांनी नाकारलं नाही. हेच श्रीरंगला सगळ्यात जास्त लागलं. ते नुसते चिडले.

"एअरपोर्टवरून पाहुणे आणत होतो. ते पुढे बसले, ही मागे. सिग्नल पिवळा होता, मला वाटलं निघेल. एक चूक झाली चाळीस वर्षांत. ती काय गावभर सांगत फिरायची? उद्या पोरं शिकायला येतील माझ्याकडे? आणि कागदावर सॅल्व्हेज लिहिलंय की स्वच्छ. मी काय लपवलं? दुसऱ्या कुणी दिली असती हिला या भावात गाडी?"

"काका, माझी मुलगी बसणार होती तिथे," हिमानी म्हणाली.

"आम्ही सांगितलं ना डावीकडे बसव म्हणून."

रत्नाकाकू दारात उभ्या राहून रडत होत्या. नीलाताई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण श्रीरंगनं त्यांना इतकं कडवट बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, त्या दिवशी तुमचं डोकं काचेवर आपटलं नाही, नुसत्या खांद्यावर निभावलं, ते त्या पडद्यामुळे. तो फुटला म्हणून तुम्ही आज इथे उभ्या आहात. आणि त्याची रिकामी जागा तुम्ही हिच्या पोरीला विकत होता."

काकू आत निघून गेल्या.

हिमानीनं पर्समधून बेचाळीसशेचा लिहून आणलेला चेक काढला आणि फाडला. तुकडे कुठे टाकावेत ते न कळून मुठीतच धरून ठेवले. गाडीचा प्रश्न सुटला होता. सोमवार मात्र तिथेच होता.

मग ती श्रीरंगकडे वळली.

"श्रीरंग, तुझं ऑफिस माझ्या नव्या ऑफिसपासून हायवेच्या दोनच एक्झिटवर आहे. पहिला पगार होईपर्यंत मला राइड देशील? रुहीची शाळा वाटेतच आहे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. काकाही. श्रीरंगला त्या क्षणी काय काय आठवलं. काकांनी आपल्या मित्राला शब्द टाकून लावून दिलेली नोकरी. पुढच्या महिन्यात येणारा धाकटा भाऊ, ज्याची सोय काकांकडेच ठरली होती. मंडळातली सगळी घरं, जिथे काकांच्या शब्दावर माणसं उठत-बसत. हो म्हणायला त्यानं तोंड उघडलंही.

"सोमवारी सकाळी माझी मीटिंग असते," तो म्हणाला. "बाकीच्या दिवसांचं... बघून सांगतो."

मीटिंग नव्हती. नीलाताईंना ते ठाऊक होतं. हिमानीलाही कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

"मी येते सोमवारी," नीलाताई म्हणाल्या. "सातला तयार राहा. पुढचंही बघू आपण दोघी."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या कॅब बुक केली. श्रीरंगनं, सोडतो ना ताई, असं म्हटलं ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. रुही बाहेर आली, आईचं बोट धरून कॅबमध्ये चढली. दोघींनी तिला मधे बसवलं. जाताना कुणी मागे वळून पाहिलं नाही.

अवधूत गाडी घेऊन परत गेला. ती अजून विकायचीच होती.

काकांनी श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले नव्हते ते. उलट, नेहमीपेक्षा मायेनंच म्हणाले, "चल आत. चहा गार झाला असेल, दुसरा टाकायला सांगतो."

श्रीरंग आत गेला.